तुझ्या पानावर कमी वाढलेला भात

अक्का गं,

तुला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नव्हती. कॅसलरॉक ते रामनगर हे काय पत्र लिहायचं अंतर आहे? तू सकाळच्या गाडीनं लोंढ्याला उतरायचीस, तिथून बस धरायचीस आणि डोक्यावर बोचकं घेऊन माझ्या दारात उभी! आता जिथं गेलीस तिथून कुठलीच गाडी सुटत नाही. म्हणून लिहायला बसले. अंगणवाडीतली पोरं मघाशीच घरी गेली, मदतनीस बाई भांडी घासून गेली, आणि मी इथं पोरांच्या बुटक्या टेबलावर वही ठेवून, गुडघे हनुवटीशी घेऊन बसलेय. कुणी बघितलं तर हसेल.

काल आपल्या घरी पितरांचा म्हाळ होता. तुझं वर्ष होऊन गेलं, त्यामुळं पहिल्यांदाच तुझं पान मांडलं, अण्णांच्या पानाशेजारी. रामा म्हणाला, "अक्काचं पान शालीनं वाढू दे." धाकटा भाऊ असून किती समज आहे त्याला! मी वाढलं. भात, वरण, अळूची भाजी, भोपळा, वडे, खीर. वाढून मागं सरले, तर आई पानाकडं बघतच राहिली.

"शाले, ह्यो भात कुणाला वाढलीस?"

"अक्काला."

"मेलेल्या माणसाला बी मापात वाढतीस व्हय गं?"

तेव्हा कुठं मी नीट बघितलं. अण्णांच्या पानावर भाताचा ढीग, आणि तुझ्या पानावर मूठभर भात, तोही जास्त दिसावा म्हणून पसरून ठेवलेला. एक वडा. खीर दोन चमचे. अक्का, शपथ घेऊन सांगते, मी मुद्दाम केलं नाही. हातानं आपोआप केलं. इतकी वर्षं स्वतःच्या ताटात असंच वाढून घेतेय ना, हाताला दुसरं काही येतच नाही आता.

माझी पूर्वा दाराला टेकून उभी होती. म्हणाली, "आज्जी, आमच्या घरात सगळ्यांना तसंच मिळतंय." सगळे हसले. मी हसू शकले नाही.

तुला तरी हसू आलं असतं का गं? आलं असतं. तू पोट धरून हसली असतीस, आणि मग स्वतःच भाताचं पातेलं ओढून घेतलं असतंस.

तुझं जेवण बघायला मला किती आवडायचं, हे तुला कधी सांगितलंच नाही. नव्या तांदळाचा पहिला घास घेताना तू डोळे मिटायचीस. सकाळी लाल तांदळाची पेज, वर लोणच्याची फोड. दुपारी शेतातून आल्यावर नाचणीची आंबील, भाकरी आणि परसातली जी मिळेल ती भाजी. आणि पोट भरलं की तू हात धुवून मोकळी! मग वर्‍हाडात कुणी जिलबी घेऊन मागं लागलं तरी तुझं आपलं, "बास. भरलं." मी अंगणवाडीत भिंतीवर तक्ते लावून बायांना हेच तर शिकवते. भूक लागली की खा, सगळं खा, पोट भरलं की थांबा. तू एकही तक्ता न बघता तशी जगलीस, आणि तुझं अंग मोठं होतं एवढ्यावरून सगळ्या गावानं ठरवलं की तुला खायचं भान नाही.

अंग मोठं होतं. होतंच. त्याच अंगानं तू भाताच्या लावणीत आमच्या सगळ्यांच्या पुढं असायचीस. जंगलातून मोळी आणायचीस ती दोन बायांच्या मोळीएवढी. मी सातवीत असताना पाय मोडून घेतला, तेव्हा ओढ्याला पाणी आलेलं होतं, तू मला पाठीवर घेऊन पलीकडं नेलंस आणि स्टेशनपर्यंत कुठं खाली ठेवलं नाहीस. तुझ्या पाठीची ऊब मला अजून आठवते. हिवाळ्यात तुझ्या कुशीत झोपायला मी आणि रामा भांडायचो. एवढी मोठी ऊबदार कूस गावात दुसऱ्या कुणाच्या बहिणीची नव्हती!

आणि तू गेलीस तेव्हा बाया काय म्हणाल्या माहीत आहे? "अंगच जास्त हुतं, कसं झेपणार?" अक्का, माझ्या ओठांवर आलं होतं की अगं बायांनो, ताप होता तो, आठ दिवस अंगावर काढलेला ताप, आणि त्यातले चार दिवस ती चिखलात उभी राहून तुमच्याच शेतात लावणी करत होती. पण मी बोलले नाही. मी तिथं कुठल्या तोंडानं बोलणार होते?

आता ते लिहायला हवं. एकोणीस वर्षं टाळलं.

मला बघायला रामनगरहून पाहुणे येणार होते. त्याआधी तुला तीन ठिकाणचे बघून गेले होते. तिसरे म्हणाले होते, "पोरगी कामाची हाय, पण..." त्या 'पण' नंतर त्यांनी हातांनीच तुझ्या अंगाचा घेर दाखवला होता, आपल्याच पडवीत बसून, आपलाच चहा पिऊन. तू कपबश्या उचलून आत गेलीस. त्यानंतर तुझ्यासाठी कुणाला बोलवायचं नाही असं तूच अण्णांना सांगितलंस. तेव्हा तू अठ्ठावीस वर्षांची होतीस, मी एकवीस. काडीसारखी होते मी! आणि त्याचा केवढा माज होता मला.

पाहुणे यायच्या सकाळी मी तुला परसात गाठलं. तू नारळ खोवत होतीस. मी म्हटलं, "अक्का, तू बाहेर येऊ नकोस आज. त्यांना वाटेल, पुढं मी पण अशीच होणार."

अशीच. हा शब्द मी वापरला.

तू नारळाची वाटी खाली ठेवली नाहीस. मान वर केली नाहीस. फक्त म्हणालीस, "बरं हाय की. घावनं गरमच लागत्यात. मला चुलीपुढनं उठाय तरी कुठं जमणार?"

म्हणजे मी तुला लपवते आहे हे मला जड जाऊ नये, म्हणून तू स्वतःच कारण शोधून दिलंस!

चार तास तू धुरात बसलीस. घावन, नारळाचा रस, काळ्या वाटाण्याची उसळ. दाराआडून फक्त तुझा हात यायचा, ताट धरलेला, आणि मी ते ताट घेऊन पाहुण्यांपुढं ठेवायची. सासूबाईंनी तिसरं घावन मागून घेतलं आणि विचारलं, "कुणी केलंय गं हे?" मी खाली बघून म्हटलं, "मी."

तू आत ऐकलंस. दार उघडंच होतं.

दुसऱ्या कुणी असतं तर माझ्याशी महिनाभर बोललं नसतं. तू दुसऱ्या दिवशी उजाडताच मला चुलीपुढं बसवलंस. "आता शीक. न्हाईतर सासू म्हणंल, त्या दिवशीचा हात येगळा हुता." लग्नापर्यंत रोज शिकवलंस. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून तू मला स्वयंपाक शिकवलास, अक्का. आजही रामनगरात माझ्या घावनांचं नाव आहे. आणि तू घरी आलीस की माझ्याच हातची घावनं खाऊन म्हणायचीस, "ब्येस झाल्यात गं!"

तू रागावायला हवं होतंस. खरंच सांगते, थोडं तरी रागवायचं होतंस माझ्यावर. मग मला माफी मागता आली असती. तू ती जागाच ठेवली नाहीस.

पूर्वा झाली आणि माझं अंग सुटलं. 'अशीच' झाले की गं मी! आपल्या घरचंच अंग ते, जाणार कुठं? पण तुझ्यासारखं ते सहज वागवायचं मला जमलं नाही. मी त्याच्याशी भांडायला उठले. आधी लिंबूपाणी. मग रात्रीचं जेवण बंद. मग काही महिने भातच सोडला. भातशेतीच्या गावची मी, भात सोडला! हे म्हणाले, "मग आता संन्यासच घे की."

आणि तो सुरण आठवतो? मोबाइलवर कुठल्याशा बाईनं सांगितलं की सुरण नुसता वाफवून खा, भाताची गरजच नाही. मी आमसूलही घातलं नाही, चिंचही नाही. सुरण, कणगं असले कंद खाऊन वाढलेली मी, घशाला खाज सुटून दोन दिवस बोलू शकत नव्हते. तुला फोन लावला तर आवाजच फुटेना. तुला कळलं तेव्हा तू फोनवर अशी काही हसलीस! "आमसुलानं बी चरबी वाढतीया काय गं?" मग पुढच्याच गाडीनं आलीस, मला ताक-भात कालवून दिलास आणि समोर बसून राहिलीस. तेवढ्या दिवसांत मी पोटभर जेवले. तू गेल्यावर पुन्हा सुरू.

मी रोज काय करते बघ. दर महिन्याला लेकरांना काट्यावर ठेवते, अर्धा किलो वाढलं की त्यांच्या आयांसोबत टाळ्या वाजवते. आणि सगळे गेले की दार लोटून मोठा काटा काढते, त्यावर स्वतः उभी राहते आणि अर्धा किलो वाढलं की स्वतःला शिव्या घालते. घरी गेल्यावर आरशापुढं उभी राहून पुन्हा. "म्हैस झालीय नुसती." "हे काय पोट आहे की गाठोडं!" मला वाटायचं, मी मनातल्या मनात बोलतेय.

मनातल्या मनात नव्हतं गं. पूर्वा ऐकत होती.

ती आता बारावीला आहे, पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला. गेल्या काही महिन्यांत तिचा चेहरा ओढल्यासारखा झाला. मला काय वाटलं असेल? लाज वाटते सांगायला. मला बरं वाटलं! पोरगी बारीक झाली, छान दिसते, असं मी शेजारणीला सांगितलं. डबा रोज रिकामा येत होता, मग चिंता कसली?

मग एक दिवस तिच्याबरोबर बसस्टँडवर गेले, तर एक तांबडा कुत्रा धावत आला आणि तिच्या दप्तराला नाक लावून शेपूट हलवत उभा राहिला. ओळखीचा असल्यासारखा. चांगला गुबगुबीत कुत्रा. मी कुत्र्याकडं बघितलं, पोरीकडं बघितलं. तिनं मान फिरवली. माझ्या चपात्या कोण खात होतं ते मला कळलं.

त्याच आठवड्यात ती कॉलेजात प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन पडली. दवाखान्यात नेलं. रक्त कमी. डॉक्टरबाईंनी तिला विचारलं, काय काय खातेस. मग माझ्याकडं वळून विचारलं, "आणि तुम्ही?" मी म्हटलं, "मी रात्री जेवत नाही." कौतुकानं म्हटलं गं! जणू बक्षीस मिळणार होतं. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडं नुसतं बघितलं.

परत येताना बसमध्ये मी पूर्वाला बोल बोल बोलले. अंगणवाडी चालवते मी, लोक काय म्हणतील, वगैरे. ती खिडकीबाहेर बघत होती. शेवटी म्हणाली, "आई, तू आरशापुढं स्वतःला काय काय म्हणतीस, ते मला ऐकू येतंय न्हवं? माझं अंग तुझ्यावरच गेलंय. मग मला काय वाटायचं?"

अक्का, त्या वेळी तू हवी होतीस. तुझी इतकी आठवण आली की बसमध्येच रडले. तू असतीस तर काहीच शहाणपणा सांगितला नसतास. नुसती आली असतीस, तिच्या शेजारी पाट टाकून बसली असतीस, आणि असं चवीनं जेवली असतीस की बघणाऱ्याला भूक लागावी. मी तिला गोळ्या देते, अंडं देते, खजूर देते. ती घेते. पण जेवणावर बसली की तिच्या तोंडावर जे येतं, ते मला ओळखीचं आहे. ते माझंच तोंड आहे.

काल पानाचा तो प्रकार झाला आणि माझ्याच्यानं राहवेना. तुझ्या पानावर आईच्या सांगण्यावरून पुन्हा वाढलं, यावेळी ढीग घातला. पुरुषमाणसं जेवायला बसली. मी पूर्वाला घेऊन मागच्या पडवीत गेले आणि तिला सगळं सांगितलं. परसातलं बोलणं, 'अशीच' हा शब्द, दाराआडचा हात, आणि "मी" म्हटलेलं. तुझी तिच्यावर किती माया होती, आणि तिची तुझ्यावर. मला वाटलं, आता ही माझं तोंड बघणार नाही.

तिनं मग एवढंच विचारलं, "मावशी त्या दिवशी जेवली काय गं?"

मला माहीत नव्हतं.

एकोणीस वर्षांत हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. मी तुझा अपमान आठवला, माझं खोटं आठवलं, रात्र रात्र स्वतःला दोष दिला, पण तू चार तास चुलीपुढं बसून सगळ्यांना जेवू घातलंस आणि तुझ्या पोटात काही गेलं की नाही, हे कधी मनातच आलं नाही! मी आत गेले. आई चुलीशी होती. तिला विचारलं. आईनं खूप आठवून बघितलं. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "न्हाई ठावं बाय. पाव्हणं व्हय म्हणून गेलं, आमी हरखून गेल्तो. तिला कुणी इचारलंच न्हाई."

सांग ना अक्का, जेवली होतीस का? उसळ तरी राहिली होती का? की भांडी घासून, तशीच पाणी पिऊन शेतात गेलीस? तुला त्या दिवशी भूक लागली होती, की माझ्या त्या एका शब्दानं ती मेली होती?

आता याचं उत्तर देणारं कुणी नाही. हे माझ्याजवळ असंच राहणार.

मग आम्ही बाया जेवायला बसलो. आई, रामाची बायको, मी आणि पूर्वा. मी भात घेतला. दुसऱ्यांदाही घेतला. दहा वर्षांनी दुसऱ्यांदा भात घेतला गं, आणि गरम वरणाखाली तो इतका गोड लागला की मला तुझ्यासारखे डोळे मिटावेसे वाटले. पूर्वा तिरक्या नजरेनं बघत होती. तिनं थोडा भात घेतला, एक वडा घेतला, खिरीची वाटी अर्धी केली. बरी झाली असं नाही. एका दिवसात काय होतंय? माझ्या जिभेवर "आणखी घे की" आलं होतं, ते मी गिळलं. तिचे घास मोजत होते, तेही थांबवलं. कुणाच्या तोंडाकडं न बघता शेजारी बसून आपलं आपण जेवायचं, एवढं साधं काम इतकं अवघड असतं, हे मला काल कळलं.

आज सकाळी आरशापुढं उभी राहिले. जुनी सवय, तोंड उघडलंच. मग मिटलं. केस विंचरले आणि निघाले. प्रेम वगैरे काही वाटलं नाही या अंगाचं, खोटं कशाला सांगू? पण हे तुझ्याच घरचं अंग आहे, तुझ्या हाडापेराचं, एवढं वाटलं. दंडाकडं बघितलं तर तुझा दंड आठवला. आणि त्याला शिवी देववेना.

अक्का, एक शब्द देते तुला. माझ्या घरात पाहुणे कुणीही येवोत, कुणाला आत लपून बसावं लागणार नाही. उद्या पूर्वाला बघायला कुणी आलं, किंवा तिनंच कुणाला आणलं, तर मी बाहेर पहिल्या खुर्चीवर बसेन, आहे तेवढ्या अंगानिशी, आणि पाहुण्यांबरोबर जेवेन. घावनं खाऊन कुणी विचारलंच तर तुझं नाव सांगेन. सासूबाईंना तर येत्या रविवारीच सांगते, त्या काय म्हणायचं ते म्हणोत. आणि वाढणाऱ्या बाईला जेवलीस का असं विचारल्याशिवाय मी कुणाच्याही घरातून उठणार नाही.

आता उठते गं. पाय वळून गेलेत या बुटक्या टेबलाशी. पूर्वाची बस साडेचारला येते. सकाळी डबा घेऊन गेलीय, मी त्यात काय भरलं ते तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आल्यावर तिला भूक लागलेली असू दे. एवढं तू बघ, अक्का.

तुझी,
शाली